एक वीत आणि एक बोट रुंदीची वाट

गेल्या डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या गाडीचं मागचं उजवं चाक घरमालकिणीच्या पाण्याच्या टाकीत गेलं. टाकी जमिनीखालची होती. चाक वीतभर खाली जाऊन अडकलं. गाडीत नवरा एकटा होता. मी गाडीसमोर रस्त्यावर उभी होते.

ते चाक तीन आठवड्यांपूर्वी बसवलेलं होतं. त्याचा डावीकडचा जोडीदारही तेव्हाचाच. पुढची दोन चाकंही नवी होती, पण मागच्यांपेक्षा दोन सेंटिमीटर अरुंद. हा फरक चुकून झालेला नव्हता. त्यासाठी नवऱ्याने एक महिना अभ्यास केला होता.

नवरा इथे तमिळ मुलखात, ओरगडमच्या एका कारखान्यात इंजिनियर आहे. तिथे गाड्यांच्या सीटमध्ये भरायचा फोम तयार होतो. गाडीतल्या सीटपासून वरच्या भागाबद्दल तो अधिकाराने बोलतो आणि सीटपासून खालच्या भागाबद्दल उत्साहाने. आमची गाडी सात वर्षांची, लहान, चार दारांची. तिचं इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागची चाकं तिच्यामागून जातात, एवढंच त्यांचं काम. ही गोष्ट पुढे तीन जणांनी त्याला सांगितली. त्यातली एक मी होते.

आम्ही अण्णा नगरच्या ज्या गल्लीत राहतो तिथे नोव्हेंबरात पाणी साचतं. आधीच्या भाड्याच्या घरी गाडी रस्त्यावर असायची आणि एका पावसात पाणी सीटपर्यंत आलं होतं. फोम किती पाणी पितो हे नवऱ्याला त्या दिवशी प्रत्यक्ष पाहायला मिळालं. पुढच्या दोन पावसाळ्यांत हवामानाचा इशारा आला की तो इतर लोकांसारखाच गाडी उड्डाणपुलावर नेऊन ठेवी आणि बसने परत येई. म्हणून हे घर बघायला आलो तेव्हा त्याने खोल्या पाहिल्या नाहीत. फाटकाच्या आत, रस्त्यापेक्षा दोन फूट उंचावर, एका गाडीपुरती जागा होती. ती पाहिली आणि हो म्हणाला.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहतात. वय बहात्तर, शाळेत गणित शिकवून निवृत्त. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठी आमची आणि त्यांची एकच, पण त्यांची तिकडे तीनशे वर्षं राहिलेली. गल्लीतले सगळे त्यांना मामी म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. भाडेकरार अकरा महिन्यांचा, एक फेब्रुवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत. छापील करारात तेरा कलमं होती. चौदावं मामींनी शाईच्या पेनाने खाली लिहिलं: ‘गाडीचें चाक कोलमास लागतां कामा नये. लागल्यास गाडीची जागा परत घेतली जाईल.’

कोलम म्हणजे तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी. मामी रोज पहाटे फाटकासमोर सडा टाकून ती काढतात. आमच्या फाटकासमोरचा कोलम अकरा ठिपके रुंद असे. गाडी त्याच्यावरून जायची, पण कोलम दोन्ही बाजूंच्या चाकांच्या मधे राहायचा. दोन्हीकडे एकेका बोटाची जागा उरायची. नवऱ्याने समोरच्या कंपाउंडवर पांढऱ्या रंगाची एक उभी रेघ मारून घेतली होती, आणि गाडीचं नाक तिच्या रोखाने ठेवून तो बाहेर काढायचा. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत एकही ठिपका मोडला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी तो ऑफिसातून आला आणि म्हणाला, “सिग्नलला आज एक गाडी पुढे होती. मागची चाकं अशी रुंद. बसल्यासारखी दिसते गं गाडी.”

“आपली कशी दिसते?”

“उठून चालल्यासारखी.”

पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर ही पद्धत मागच्या चाकांनी ढकलल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी असते. जोर तिथे असतो, म्हणून पकडही तिथे जास्त लागते. आमच्या गाडीत जोर पुढे, वळवणंही पुढे आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच. मी हे त्याला म्हटलं तेव्हा तो म्हणाला, “माहीत आहे मला. पण पुढून कोण बघतं?”

माउंट रोडच्या मागच्या गल्लीत टायरची दुकानं आहेत. त्यातल्या एका दुकानाचा मालक तमिळ, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात वापरणारा, साठीचा गृहस्थ. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “सार, ही पुढून ओढते ना?”

“हो.”

“मग मागे रुंद कशाला? मागची चाकं पाहुणी. जेवतात, झोपतात, कामाला हात लावत नाहीत. पाहुण्यांना मोठा पलंग आणि मालक जमिनीवर?”

“दिसायला, सार.”

“दिसायला.” त्याने हे मदतनिसाला सांगावं तसं मोठ्याने म्हटलं. मग बोटांवर मोजत अडचणी सांगितल्या. अशा गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून ते आलटून पालटून मागे टाकायचे असतात. मापं वेगळी असली की ते बंद. डिकीतलं जादा चाक कशालाच जुळणार नाही. पावसात वळणावर पुढची पकड आधी सुटेल आणि गाडी सरळ जाईल. “रुंदच पाहिजे असेल तर चारी घ्या. नाहीतर मोठी दोन पुढे टाका.”

“पुढे नको.”

“मग घ्या. गाडी तुमची, पाहुणेही तुमचे.”

सगळी चाकं उंचीला सारखी राहतील अशी मापं त्याने निवडून दिली. जुने टायर एकशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंद होते. नवे पुढे एकशे पंच्याण्णव आणि मागे दोनशे पंधरा. तिथे मी पहिल्यांदा कोलमचा विषय काढला. मागचा टायर तीन सेंटिमीटर रुंद झाला तर त्यातला निम्मा आतल्या बाजूला वाढणार. आत एक बोट जागा आहे.

नवऱ्याचा चेहरा उतरला नाही. उलट त्याला आता मोजायला काहीतरी मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तो फाटकाबाहेर टेप घेऊन उकिडवा बसला. मामी व्हरांड्यात कॉफी पीत होत्या.

“काय इंजिनियर, कोलम विकत घेणार कीं काय?”

“नाही मामी. जरा रुंदी बघतोय.”

“अकरा ठिपके.”

“सेंटिमीटरमध्ये.”

“ठिपक्यांस सेंटिमीटर कशास? माझें बोट आहे कीं.”

त्याने चौदा दिवस मोजलं. कोलम दररोज एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर भरला. फरक कधी दोन मिलिमीटर, तोही एकदाच, आणि त्या दिवशी मामींना ताप होता. नवऱ्याने हे ऑफिसात सांगितलं. त्यांच्या फोम कापायच्या मशीनला एवढं जमत नाही.

हिशोब असा निघाला की नेहमीची रिम घेतली तर मागच्या टायरचं पोट आणि कोलम यांच्यात अडीच मिलिमीटर उरतील. अडीच मिलिमीटरमध्ये गाडी घालणं त्यालाही धाडसाचं वाटलं. त्याने मागे अशी रिम निवडली जी चाकाला पाच मिलिमीटर बाहेरच्या बाजूला ठेवते. त्याहून जास्त बाहेर गेलं तर टायर चाकावरच्या पत्र्याला घासला असता. म्हणजे कोलमपासून साडेसात मिलिमीटर. त्याने कागदावर त्याखाली दोन रेघा मारल्या. बाहेरच्या बाजूला काय आहे हे त्याने मोजलं नाही. मीही विचारलं नाही.

बाहेरच्या बाजूला, फाटकाच्या आत उजवीकडे, जमिनीखालच्या टाकीचं काँक्रीटचं झाकण होतं.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी चाकं बसली. रविवारी सकाळी गाडी बाहेर निघाली. मामी पायऱ्या उतरून आल्या, वाकून दोन्ही कडा पाहिल्या आणि म्हणाल्या, “सरी.” म्हणजे ठीक. शाळेत त्या यापेक्षा जास्त कौतुक करत नसत असं गल्लीतले त्यांचे विद्यार्थी सांगतात. चाकांकडे त्यांनी पाहिलं नाही. पुढचे आठ-नऊ दिवस काही झालं नाही. नवरा मात्र रोज गाडी आत घेण्याआधी रस्त्यावर थांबवायचा, उतरून मागे जायचा आणि मागून पाहून यायचा.

मग डिसेंबरच्या मध्यावर, एका मंगळवारी, तो ऑफिसला जायला खाली उतरला आणि दोन मिनिटांत परत वर आला.

“कोलम वाढलाय,” तो म्हणाला.

मी खाली गेले. कोलम फाटकाच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत आणि पुढे रस्त्यावर सहा फूट पसरला होता. मधे शेणाच्या गोळ्यावर भोपळ्याचं पिवळं फूल खोचलेलं होतं. मामी कंबरेवर हात ठेवून शेवटची रेघ तपासत होत्या.

“मामी, हे काय?” नवऱ्याने विचारलं.

“मार्गळी लागली.”

“किती दिवस?”

“महिना. पोंगलपर्यंत.”

मार्गळी हा तमिळ महिना. त्यात दारापुढे रोज मोठा कोलम काढतात. आम्ही या घरात फेब्रुवारीत आलो होतो, म्हणजे तो संपल्यावर. नवऱ्याने मोजमाप नोव्हेंबरात केलं होतं. मी पूर्वी ज्या वर्तमानपत्रात नोकरीला होते तिथे मार्गळीतल्या कोलमच्या स्पर्धांचं पान सलग चार वर्षं माझ्या हातून गेलं होतं. त्या पानाचा आणि आमच्या फाटकाचा संबंध मी लावला नव्हता. घरी विचारण्यात आलं तेव्हा हे मी कबूल केलं.

“मग गाडी?” नवरा म्हणाला.

“गाडीस वाट सोडली आहे कीं. ही एक, ही एक. दिसत नाहीं?”

नीट पाहिल्यावर दिसल्या. पूर्ण कोलमातून दोन सरळ कोरे पट्टे फाटकापासून रस्त्यापर्यंत गेले होते. ठिपके त्यांच्या कडेला येऊन थांबत आणि पलीकडून पुन्हा सुरू होत.

“तूं मापत होतास ना कार्तिकांत, तेव्हां मींही मापलें. सडा टाकल्यावर तुझ्या चाकाचा ठसा उठतो. एक वीत. वर एक बोट सोडलें, तूं नवा आहेस म्हणून.”

नवऱ्याने टेप आणला. मामींची एक वीत आणि एक बोट एकवीस सेंटिमीटर भरलं. मागच्या टायरची रुंदी साडेएकवीस होती.

“मामी, टायर आता मोठे आहेत. मागचे.”

मामींनी पहिल्यांदा चाकांकडे पाहिलं. मग पुढच्याकडे, मग पुन्हा मागच्याकडे.

“अय्यो! चाकें बदललीं आणि मला सांगिटलें नाहींस?”

“तुम्ही पण वाटा सोडणार हे सांगितलं नव्हतं.”

“मीं कशास सांगूं? मीं दरसाल सोडतें.” मग त्या म्हणाल्या, “मागें कां मोठीं?”

“दिसायला.”

“गाडी कोण ओढतें?”

“पुढची.”

मामी आत गेल्या. मोठ्या वाटा सोडा असं म्हणायचं त्याच्या मनात होतं, पण महिनाभराच्या सगळ्या कोलमांचे नमुने वहीत ठिपके मोजून तयार होते, आणि ती वही त्याने व्हरांड्यात पाहिली होती. शिवाय करार एकतीस तारखेला संपत होता. मी म्हटलं, महिनाभर गाडी बाहेर ठेव. त्याच संध्याकाळी पाऊस आला आणि गल्लीत घोट्याएवढं पाणी भरलं. गाडी आतच राहिली. नवरा बारा दिवस कंपनीच्या बसने गेला. रोज सकाळी कोलमच्या कडेने खांबाला चिकटून, पोट आत घेऊन बाहेर पडायचा.

शेवटच्या रविवारी माझे सासू-सासरे सोलापूरहून येणार होते. त्यांची रेल्वे सेंट्रल स्टेशनला सव्वासातला पोचणार होती. दोघांचे गुडघे दुखरे आणि सामान पाच नग, त्यात ज्वारीच्या पिठाचा डबा. त्यांना आपल्या गाडीतून आणायचं असं नवऱ्याने फोनवर सांगून टाकलं होतं, चाकांच्या फोटोसह.

त्याने पुन्हा हिशोब केला. टायरची छापील रुंदी पोटाची असते. जमिनीला टेकणारा भाग त्याहून दोन-अडीच सेंटिमीटर अरुंद असतो. म्हणजे एकवीसच्या वाटेत एकोणीस. दोन्हीकडे एक सेंटिमीटर. हे बरोबर होतं. नंतर सगळं मोजलं तेव्हाही हे बरोबरच निघालं.

सहा अडतीसला त्याने गाडी सुरू केली. मी कोलमच्या पलीकडे रस्त्यावर वाकून उभी राहिले. मामी व्हरांड्यात होत्या. कॉफी हातात होती पण पीत नव्हत्या.

“डावीकडे किती?” नवरा खिडकीतून ओरडला.

“बोटभर.”

“उजवीकडे?”

“तेवढंच. सरळ ये. हळू.”

“अजून किती हळू? बंद पडेल आता.”

पुढची दोन्ही चाकं वाटांमध्ये शिरली. एकही ठिपका मोडला नाही. मग डावं पुढचं चाक कडेला टेकल्यासारखं मला वाटलं.

“थांब!”

तो थांबला. डावं चाक कडेला टेकलेलं नव्हतं, माझी नजर तिरपी पडली होती. मी “चल” म्हणणार तेवढ्यात मागून एक आवाज आला, जाड पाटा फुटल्यासारखा, आणि गाडी मागे उजव्या बाजूला खाली बसली.

झाकणाचे तुकडे नंतर बाहेर काढले तेव्हा एका कडेवर काळ्या रबराचे ठसे होते, एकावर एक. पूर्वीचा टायर झाकणाच्या शेजारून जाई. नवा बाहेरच्या बाजूला दोन सेंटिमीटर पुढे आलेला होता आणि मार्गळी लागेपर्यंत रोज त्या कडेवर चढून उतरत होता. तोपर्यंत तो चालता होता. त्या दिवशी तो तिथे उभा राहिला. उभं राहायला मी सांगितलं होतं.

नवरा उतरला. मामी आल्या. तिघांनी भोकात पाहिलं. टायरचा तळ पाण्यात होता.

“बसल्यासारखी दिसते आता,” मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं.

पुढचा तासभर गल्ली जमली. इस्त्रीवाला, वरच्या मजल्यावरचे दोन शेजारी, दूधवाला आणि मामींचा एक माजी विद्यार्थी, जो आता स्वतः आजोबा आहे. प्रत्येकाने चाकाकडे पाहिल्यावर पुढच्या चाकाकडे पाहिलं आणि मग नवऱ्याला विचारलं, मागची मोठी का? नवऱ्याने पहिल्या दोघांना उत्तर दिलं.

“इंजिन पुढून ओढतें कीं नाहीं?” मामी म्हणाल्या. “मग ओढूं दे. तुम्ही मागून उचला.”

पाच जणांनी मागून उचललं. नवऱ्याने गिअर टाकला. पुढची चाकं पिठावर जागच्या जागी फिरली, पांढरी धूळ उडाली, मग त्यांना जमीन सापडली आणि गाडी एका झटक्यात टाकीतून निघून कोलमवरून आडवी रस्त्यावर गेली. मागची चाकं सोबत आली. भोपळ्याचं फूल मागच्या डाव्या टायरला चिकटलेलं मिळालं.

त्याच वेळी एक ऑटो येऊन थांबली. रेल्वे वेळेवर आली होती. सासरे उतरले, पिठाचा डबा छातीशी धरून. त्यांनी गाडी पाहिली, पिठाने पांढरी झालेली पुढची चाकं पाहिली, भिजलेलं मागचं पाहिलं.

“गाडी धुताय होय रे?”

“नाही बाबा.”

“मग पीठ कशाला टाकलंय?”

सासूबाईंनी विचारलं, “हात-पाय धुवायला पाणी आहे का गं?”

नव्हतं. टाकी उपसून, घासून, टँकरने भरेपर्यंत संध्याकाळ झाली. मधल्या वेळात मामींनी आपल्या पिण्याच्या कॅनमधून दोघांना कॉफी करून दिली.

दुपारी नवरा खाली गेला. मी सोबत होते.

“मामी, कोलमला चाक लागलं.”

“पाहिलें मीं.”

“चौदावं कलम...”

“कोलम मोडला तर मोडला. संध्याकाळपर्यंत मुंग्या खातात तो. उद्यां दुसरा काढतें. झाकण मोडलें तर घरांत पाणी नाहीं.” त्यांनी टेबलावर बोटाने दोन रेघा ओढल्या. “कोलम ही रेघ. गाडी उजवीकडे सरकली कीं डावें चाक कोलमास लागतें आणि उजवें झाकणावर जातें. म्हणून लिहिलें होतें. कोलम वांचला कीं झाकण वांचलें. तूं चाकच बाहेर काढलेंस. कोलम वांचला, झाकण गेलें.”

नवरा म्हणाला, “हे करारात लिहायला हवं होतं.”

“तूं विचारायचें होतेंस. आणि गाडी चार वाजतां काढून बाहेर ठेवायची होती, मीं सडा टाकायच्या आधीं. सगळे तसेंच करतात.”

हे चौदा दिवसांच्या मोजमापात कुठेही आलं नव्हतं.

“करार?” त्याने विचारलं.

“एकतिसास घेऊन ये.”

सोमवारी सुट्टी घेऊन तो माउंट रोडच्या मागे गेला आणि जुन्या रिमा, जुने टायर चारी बाजूंना बसवून आला. दुकानदाराने रुंद टायर परत घेतले नाहीत. टायरवरचा पिवळा डाग पाहून त्याने काय झालं ते विचारलं. सगळं ऐकल्यावर खुर्ची ओढून दिली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. नवी चारही चाकं घरी आली आणि आतल्या खोलीत सासू-सासऱ्यांच्या खाटेखाली गेली.

मंगळवारी टाकीवर लोखंडी झाकण बसलं. ते नवऱ्याने करवून घेतलं.

एकतीस तारखेला संध्याकाळी मामींनी चष्मा लावून नवा करार वाचला. छापील तेरा कलमं होती. चौदावं कलम नवऱ्याने आधीच्या करारातून जसंच्या तसं टाईप करून आणलं होतं. मामींनी ते खोडलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मामी शाईच्या पेनाने लिहीत होत्या, सावकाश, आणि दर शब्दानंतर फुंकर घालत होत्या. लिहून झाल्यावर त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला.

‘कलम चौदा. गाडीची जागा पूर्ववत् राहील. चाकांचें माप बदलणें झाल्यास घरमालकिणीस आठ दिवस आधीं लेखी कळवावें.’

नवऱ्याने सही केली. साक्षीदार म्हणून सासऱ्यांनी केली.

एक जानेवारीला सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी बाहेर निघाली. कोलम तेवीस ठिपक्यांचा होता. वाटा दोन होत्या, प्रत्येकी एक वीत आणि एक बोट. मामींनी दोन्ही कडा वाकून पाहिल्या आणि त्या आत गेल्या.